हाताने पायमोजे विणण्याचा आनंद: हात जपा, पाय जपा, सुया सोडू नका

अंगठ्याच्या मुळाशी दुखते म्हणून साठी ओलांडलेल्या एखाद्या आजी तपासायला येतात. "हाताने काय काम करता?" असे विचारले की त्या जरा ओशाळून म्हणतात, "काही विशेष नाही हो डॉक्टर, नुसते मोजे विणते." सोबत आलेला मुलगा लगेच म्हणतो, "किती वेळा सांगितले, बाजारात मिळतात की! तुम्हीच सांगा आता, बंद करायला."

हा प्रसंग तुमच्या घरातही घडला असेल. घरच्यांना वाटते की दुखण्याचे कारण सापडले, ते बंद केले की प्रश्न मिटला. पण त्या आजींच्या दिवसात दुपारी तीन ते पाच ही वेळ त्या विणकामाने भरलेली असते. ते काढून घेतले तर अंगठा कदाचित थोडा शांत होईल, पण ती दुपार रिकामी होईल. एकटेपणा, बेचैनी आणि झोपेच्या तक्रारी घेऊन याच आजी सहा महिन्यांनी पुन्हा येऊ शकतात.

म्हणून बहुतेक वेळा आमचे उत्तर असते: विणकाम बंद करू नका, विणण्याची पद्धत बदला. ती कशी बदलायची आणि ज्याच्यासाठी मोजे विणता त्याच्या पायांना त्यांचा त्रास होऊ नये म्हणून काय पाहायचे, ते या लेखात सांगितले आहे.

थोडक्यात

• विणकामाचा आनंद खरा आहे आणि तो आरोग्याच्याही कामाचा आहे. मात्र ते औषधांना पर्याय नाही.
• हात दुखू लागला तर आधी वेळ, पकड, सुया आणि उजेड बदला. बधिरपणा किंवा सूज असेल तर तपासून घ्या.
• मधुमेहाच्या रुग्णासाठी विणलेल्या मोज्यात गाठ, जाड शिवण किंवा घट्ट काठ नको.
• नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालू नका.
• बाळाच्या मोज्याच्या आत एकही सुटा धागा राहता कामा नये.

मोजेच का?

स्वेटर विणायला महिने लागतात आणि विणता विणता तो मांडीवर जड होत जातो. मोजा लहान असतो, पिशवीत मावतो. दवाखान्यात नंबर येईपर्यंत, बसमध्ये, मालिका बघताना चार फेऱ्या सहज होतात. बारीक लोकरीचा मोठ्या माणसाचा एक जोड साधारण १०० ग्रॅम लोकरीत होतो. सव्वादोन ते अडीच मिलिमीटर जाडीच्या सुयांवर साठ-सत्तर टाके घालून सुरुवात करायची. काठाला सुलट-उलट टाक्यांची लवचीक पट्टी, मग घोट्यापर्यंत सरळ नळी.

खरी गंमत टाचेला येते. निम्म्या टाक्यांवर टाचेची पट्टी विणायची, मग ओळ पूर्ण न करता मध्येच मागे वळायचे, पुन्हा थोडे पुढे, पुन्हा मागे. असे करता करता सपाट विणीला खोलगट वाटीसारखा आकार येतो. मग पट्टीच्या दोन्ही कडांचे टाके उचलून, ते हळूहळू कमी करत पावलाची नळी विणायची आणि शेवटी बोटांकडे टोक बंद करायचे. हे शंभर वेळा केलेल्या बाईलाही टाच वळली की बरे वाटते. सरळ धाग्यातून पायाचा आकार तयार होताना पाहणे हे साधे पण पूर्ण समाधान आहे.

दीर्घ आजाराच्या माणसाला हे समाधान सहसा मिळत नाही. मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांत "काम पूर्ण झाले" असा क्षण येत नाही. गोळी आज घेतली तरी उद्या पुन्हा घ्यायची असते. मोजा मात्र संपतो. तो हातात धरता येतो आणि कुणाच्या तरी पायात घालता येतो.

मनाला काय मिळते?

विणताना दोन्ही हात एका लयीत चालतात आणि लक्ष टाके मोजण्यात गुंतते. काम इतके सोपे नसते की कंटाळा यावा आणि इतके अवघडही नसते की घाबरायला व्हावे. त्यामुळे मनात गोल गोल फिरणाऱ्या काळजीला थोडी सुट्टी मिळते. श्वास संथ होतो, खांदे सैल पडतात. जपमाळ ओढणाऱ्याला हा अनुभव वेगळा सांगायला नको.

२०१३ साली ब्रिटनमधील ऑक्युपेशनल थेरपीच्या एका नियतकालिकात विणकाम करणाऱ्यांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यात ३१ देशांतील ३,५४५ जणांनी उत्तरे दिली होती. जे अधिक वेळा विणत होते त्यांनी आपल्याला अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे सांगितले. मात्र ही उत्तरे विणकामाची आवड असलेल्या लोकांनी स्वतःहून दिलेली होती. विणल्यामुळे माणसे आनंदी झाली की आनंदी माणसे अधिक विणतात, हे अशा सर्वेक्षणातून सिद्ध होत नाही. त्यामुळे "विणकामाने नैराश्य बरे होते" असा दावा कुणी केला तर तो मान्य करू नका.

तरीही एक गोष्ट उपचारातून आम्हाला माहीत आहे. नैराश्यात माणूस आवडीची कामे सोडतो, कामे सोडल्याने मन आणखी खचते आणि हे चक्र सुरू राहते. ते तोडण्यासाठी रोज ठरावीक वेळी एखादे छोटे, अर्थपूर्ण काम करायला सांगणे हा मानसोपचाराचा मान्य भाग आहे. "आज फक्त पाच फेऱ्या" हे असे काम होऊ शकते. औषधे आणि समुपदेशन चालू ठेवून ते करायचे.

रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनाही याचा उपयोग होतो. रुग्णालयात उशाशी बसून राहणाऱ्याच्या हातांना काही काम नसते आणि मोबाइल बघून काळजी वाढते. अशा वेळी पिशवीतला अर्धा मोजा सोबतीला येतो. फक्त अतिदक्षता विभागात किंवा मानसोपचार कक्षात सुया नेण्याआधी परिचारिकेला विचारा.

हात दुखू लागले तर

मोज्यांच्या सुया बारीक असतात, म्हणून त्या आपण नकळत घट्ट धरतो. दुखण्याची सुरुवात बहुधा तिथेच होते. दुखते कुठे, यावरून कारणाचा अंदाज येतो.

अंगठ्याच्या मुळाशी दुखते, बरणीचे झाकण उघडताना किंवा किल्ली फिरवताना कळ येते: तिथल्या सांध्याची झीज असू शकते. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, ही तक्रार बरीच आढळते.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखते, अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवले की तीव्र कळ येते: अंगठ्याच्या स्नायूबंधांचे आवरण सुजलेले असू शकते. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांनाही हे होते.

अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते: मनगटातील नस दबत असण्याची शक्यता असते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांत याचे प्रमाण वाढते. म्हणून दोष केवळ विणकामाला देऊन थांबू नका, रक्ततपासणी लागू शकते.

बोट वाकते पण सरळ होताना अडकते आणि "टक्" करून सुटते: हे ट्रिगर फिंगर असू शकते.

यांपैकी बहुतेक तक्रारींवर शस्त्रक्रियेशिवायचे उपाय आधी केले जातात. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, अंगठ्याला आधार देणारी पट्टी, हाताचे व्यायाम, काही वेळा इंजेक्शन. तपासायला येताना अर्धवट विणलेला मोजा सुयांसकट घेऊन या आणि डॉक्टरांना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना दोन फेऱ्या विणून दाखवा. तुम्ही हात कसे धरता हे पाहिल्यावर सल्ला नेमका देता येतो.

घरी करण्यासारखे बदल असे:

• दर वीस मिनिटांनी सुया खाली ठेवा. मूठ उघडा-मिटा, मनगट हळू फिरवा, मान वर करून लांब पाहा. "ही ओळ संपू दे" म्हणत तास जातो, म्हणून मोबाइलवर गजर लावा.
• लाकडी किंवा बांबूच्या सुया हलक्या असतात आणि टाके त्यांवरून घसरत नाहीत, त्यामुळे पकड सैल ठेवता येते.
• सुती धाग्याला ताण देता येत नाही, त्याने हात लवकर दमतो. लोकर लवचीक असते.
• दुखत असेल त्या काळात जाड लोकर आणि जाड सुया घेऊन घरात घालायचे सैल मोजे विणा.
• कोपरांखाली उशी ठेवा, मोजा छातीच्या थोडा खाली धरा. मान सतत वाकवू नका.
• काळी किंवा गडद निळी लोकर रात्री विणू नका. चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

विणून झाल्यावर थोडा शीण येणे आणि तो तासाभरात जाणे ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखत राहिले तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजा आणि वेळ निम्मा करा. आमवातात सांधे लाल, गरम, सुजलेले असतील त्या दिवसांत सुया बाजूला ठेवा. सूज उतरली की पुन्हा घ्या.

मोजा आणि पाय: एक जुना धडा

कोरडा मोजा किती महत्त्वाचा असतो हे पहिल्या महायुद्धात लाखो कुटुंबांना कळले. पश्चिम आघाडीवरचे सैनिक दिवसेंदिवस थंड पाण्याच्या खंदकांत उभे असत. त्यामुळे पायांच्या नसा आणि रक्तवाहिन्यांना इजा होई, पाय सुजून काळे पडत, काहींचे कापावे लागत. या विकाराला "ट्रेंच फूट" हेच नाव पडले. पाय पुसणे, तेल चोळणे आणि ओले मोजे बदलणे ही शिस्त सैन्यात लावावी लागली. ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेत स्त्रिया, मुले, रुग्णालयात बरे होत असलेले सैनिकसुद्धा मोजे विणत आणि रेड क्रॉससारख्या संस्था ते पुढे पाठवत. मोज्याचे टोक शिवण न उमटता जोडण्याच्या पद्धतीला आजही ब्रिटिश सेनापती किचनर यांचे नाव आहे. बोटांना काचणारी शिवण टाळणे हाच त्या पद्धतीचा फायदा आहे, आणि आज तो मधुमेहाच्या रुग्णांसाठी फार मोलाचा आहे.

मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी विणताना

बरीच वर्षे मधुमेह असेल तर पायांच्या नसांवर परिणाम होऊन स्पर्श आणि वेदना कमी जाणवतात. तुमच्या-माझ्या मोज्यात गाठ आली तर ती टोचते आणि आपण मोजा काढतो. बधिर पायाला ती टोचतच नाही. दिवसभर तीच गाठ एकाच जागी दाबत राहते आणि संध्याकाळी तिथे फोड येतो. त्या फोडातून जखम होते आणि मधुमेहात ती चिघळू शकते. प्रेमाने विणलेल्या मोज्याने असे होऊ नये म्हणून पुढील काळजी घ्या.

• नवी लोकर जोडताना गाठ मारू नका. दोन्ही धागे काही टाके एकत्र विणा आणि उरलेली टोके घोट्याच्या वरच्या भागात लपवा, तळव्याखाली किंवा बोटांपाशी नको.
• बोटांकडचे टोक सपाट जोडा. शिवण उमटलीच तर मोजा उलटा करून घाला.
• वीण साधी सपाट ठेवा. तळव्याखाली वेलबुट्टी, दोऱ्यांचे पीळ किंवा मणी नकोत.
• काठात रबर घालू नका. मोजा काढल्यावर पायावर खोल वळ दिसला तर काठ घट्ट आहे.
• पांढरी किंवा फिकी लोकर घ्या. रक्ताचा वा पुवाचा डाग त्यावर लगेच दिसतो.
• पावलाचे माप दोन्ही पायांचे, संध्याकाळी, उभे असताना घ्या. सैल मोज्याची चुणी पडते आणि तीही काचते.
• फाटलेला मोजा रफू करून मधुमेही पायात घालू नका. रफूचा उंचवटा गाठीसारखाच दाबतो.
• जाड मोजा घालून जुनाच बूट चढवला तर बोटे दबतात. मोज्यासह बूट सैल बसतो का ते पाहा.

बाजारात "लोकर" म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अॅक्रिलिक असतो. तो धुवायला सोपा, पण घाम फारसा शोषत नाही. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा धरते आणि तरी ओली वाटत नाही. मोज्यासाठी थोडे नायलॉन मिसळलेली लोकर टिकाऊ असते. लोकरीचे मोजे गरम पाण्यात धुऊ नका, ते आटतात आणि घट्ट होतात. रोज बदलता यावेत म्हणून एका जोडाऐवजी दोन जोड द्या.

रोज मोजे काढल्यावर तळवा आणि बोटांच्या बेचक्या पाहायची सवय लावा. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कुणी पाहावे. ज्याने मोजे विणले त्यानेच हे काम घेतले तर उत्तमच.

थंडीत पाय गार पडतात म्हणून बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेले कळत नाही. झोपताना सैल मोजे घालणे सुरक्षित आहे. पण एकच पाय सतत गार राहत असेल, रंग निळसर पडत असेल किंवा चालताना पोटरीत गोळे येत असतील तर रक्तपुरवठा तपासायला हवा. पायावर सूज असेल आणि डॉक्टरांनी दाब देणारे मोजे सांगितले असतील तर हाताने विणलेले मोजे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

फरशीवर मोजे घालून चालणे

आपल्या घरात चपला दाराबाहेर काढायची रीत आहे. त्यामुळे थंडीत आजी-आजोबा नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर वावरतात. लोकरीचा मोजा फरशीवर सहज घसरतो, आणि साठीनंतर एका पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते. घरात वापरायला वेगळी, मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल ठेवा. मधुमेहाच्या रुग्णांनी तर घरातही अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चालू नये. रात्री लघवीला उठण्याआधी दिवा लावा आणि चप्पल घाला.

बाळाचे मोजे

बाळ येणार म्हटले की टोपडे, स्वेटर आणि मोजे विणायला घेणे ही आपल्याकडची जुनी हौस आहे. एकच काळजी घ्या. रंगीत नक्षी विणताना मोज्याच्या आतून आडवे धागे जातात. असा सुटा धागा बाळाच्या इवल्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोट आवळले जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो. लांब केसानेही असेच होते. म्हणून बाळासाठी एकरंगी, आतून स्वच्छ मोजे विणा, आणि घालण्याआधी प्रत्येक वेळी उलटे करून पाहा. बाळ कशानेच न थांबता रडत असेल तर मोजे काढून पायाची सगळी बोटे पाहा. बोट लाल, सुजलेले दिसले आणि धागा सहज निघत नसेल तर लगेच रुग्णालयात न्या.

आजारपणात विणकाम

केमोथेरपीतील काही औषधांनी बोटांची टोके बधिर होतात. तेव्हा जाड सुया आणि फिकी लोकर घ्या, आणि बधिरपणा वाढत असेल तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगा. डायलिसिस चालू असताना सुई टोचलेला हात स्थिर ठेवावा लागतो, म्हणून तेव्हा विणू नका. पक्षाघातानंतर पुन्हा विणावेसे वाटणे ही आशेची खूण आहे. सुरुवात थेरपिस्टच्या देखरेखीखाली, जाड सुयांनी आणि दहा-वीस टाक्यांनी करा.

घरच्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. चाळीस वर्षे डोळे मिटून टाच वळवणारी व्यक्ती काही महिन्यांत टाके विसरू लागली, तोच भाग उसवून पुन्हा पुन्हा विणू लागली, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. दृष्टी, मनःस्थिती आणि स्मरणशक्ती तपासून घ्या. आणि विणता विणता अचानक हातातून सुई पडली, हात उचलेना, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले तर तो पक्षाघात असू शकतो. एक मिनिटही न दवडता १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• विश्रांती घेऊनही दोन आठवड्यांत हाताचे दुखणे कमी झाले नाही
• बोटे बधिर राहतात, वस्तू हातातून पडतात, अंगठ्याकडचा उंचवटा सपाट दिसू लागला
• सांधे सुजतात आणि सकाळी बराच वेळ आखडलेले असतात
• मधुमेहाच्या रुग्णाच्या पायावर फोड, लाली, डाग किंवा जखम दिसली. अशा वेळी त्याच दिवशी दाखवा
• आवडते विणकामही नकोसे झाले, झोप-भूक उडाली

ही शेवटची तक्रार हाताच्या दुखण्याइतकीच महत्त्वाची आहे. "नुसते मोजे विणते" असे पुन्हा म्हणू नका. डॉक्टरांना सांगा, "मी मोजे विणते आणि मला ते चालू ठेवायचे आहे." तुम्हाला काय चालू ठेवायचे आहे हे कळले की उपचार त्या दिशेने ठरवता येतात. आणि घरच्यांनी पुढच्या वेळी "बंद कर" म्हणण्याआधी विणणाऱ्याच्या मागे चांगला दिवा आणि कोपराखाली उशी ठेवावी.